संख्यांच्या गुणधर्मांचा शोध आणि शालेय विद्यार्थी

शालेय अंकगणितात विभाज्यतेच्या कसोट्या शिकविल्या जातात. संख्येतील अंकांच्या बेरजेस ९ ने निःशेष भाग जात असेल, तर त्या संख्येसही ९ ने निःशेष भाग जातो, ही त्यांपैकी सर्वपरिचित कसोटी होय. विद्यार्थी ती पाठ करतो, परीक्षेत वापरतो आणि बहुधा अचूक वापरतो. परंतु 'असे का होते?' असा प्रश्न त्यास केला, तर 'तसा नियमच आहे' याहून निराळे उत्तर क्वचितच मिळते. हा नियम कोठून आला, ९ साठी आहे तसाच तो ७ साठी का नाही, हे प्रश्न त्याच्या मनात उद्भवतच नाहीत. रस्त्याने डाव्या बाजूने चालावे, हा नियम ज्या वृत्तीने पाळावयाचा, त्याच वृत्तीने तो गणितातील सत्येही स्वीकारीत असतो.

यात होणारी हानी मोठी आहे. इतिहासातील सनावळी किंवा भूगोलातील पर्वतांची उंची विद्यार्थ्यास दुसऱ्याच्या शब्दावर विश्वासून घ्यावी लागते. तेथे दुसरा इलाज नसतो. गणित हा मात्र असा विषय आहे की, त्यात दहा वर्षांचे मूलही शिक्षकाच्या विधानाची सत्यता ग्रंथाच्या अथवा प्रयोगशाळेच्या साहाय्यावाचून स्वतः पडताळून पाहू शकते. हा अधिकार एकदाही न बजावता विद्यार्थी शाळा सोडतो, तेव्हा त्याच्या हाती गणिताच्या रीती राहतात, गणित राहत नाही. संख्यांच्या गुणधर्मांचा शोध हा तो अधिकार बजावण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. तो वर्गात कसा घडवून आणता येईल आणि त्यात कोणत्या गोष्टींचे भान ठेवले पाहिजे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विवेचनासाठी उदाहरणे बव्हंशी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या कार्यातून घेतली आहेत. कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांस रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढील शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या संख्यांचा परिचय करून दिल्यावर त्यांचे नाव जगभर पोहोचले. १९८६ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या शोधांचा शाळेच्या दृष्टीने विशेष असा की, त्यांतील बहुतेकांचा आरंभ बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांपासून होतो. पाटी व पेन्सिल यांखेरीज तेथे कोणतेही साधन लागत नाही.

अंकांची उलटापालट

आरंभ अगदी सोप्या कृतीने करावा. प्रत्येक विद्यार्थ्याने भिन्न अंकांची एक दोन अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उलट करावे आणि मोठीतून लहान संख्या वजा करावी. ७२ − २७ = ४५; ८३ − ३८ = ४५; ६१ − १६ = ४५; ९२ − २९ = ६३. उत्तरे फळ्यावर मांडली की, ती सर्व ९ च्या पाढ्यातील आहेत, हे वर्गातील कोणा ना कोणाच्या लक्षात येतेच. शिक्षकाने ते आपण होऊन सांगू नये. तिसऱ्याच उदाहरणानंतर कोणी विचारतो, '४५ च पुन्हा पुन्हा का येतात?' हा प्रश्न अमूल्य समजावा. त्याचा पाठपुरावा केला म्हणजे ७ आणि २, ८ आणि ३, ६ आणि १ या अंकांतील फरक दर वेळी ५ आहे आणि ५ नवे ४५ होतात, हे मुलांना दिसू लागते.

येथवर जे झाले ते निरीक्षण होय. त्याचे कारण शोधण्यासाठी बीजगणिताची वाट पाहण्याचे कारण नाही. दहाच्या ७ नोटा आणि रुपयाची २ नाणी एका मुलाच्या हाती द्यावी. दहाच्या २ नोटा आणि रुपयाची ७ नाणी दुसऱ्याच्या हाती द्यावी. पहिल्याचे धन दुसऱ्याच्या धनाइतके होण्यासाठी त्याला पाच नोटांच्या जागी पाच नाणी घ्यावी लागतील. प्रत्येक अदलाबदलीत त्याचे नऊ रुपये जातात. पाच अदलाबदलींत पंचेचाळीस गेले. फरक ९ च्या पटीतच का येतो आणि तो अंकांच्या फरकाच्या नऊपट का असतो, या दोन्ही प्रश्नांचा उलगडा या एका व्यवहारात होतो. पुढे आठवीत गेल्यावर विद्यार्थी हेच (१०अ + ब) − (१०ब + अ) = ९(अ − ब) असे लिहील. त्या वेळी हे सूत्र त्यास नवे वाटणार नाही. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट थोडक्यात लिहिण्याची ती एक सोय आहे, असे त्यास वाटेल. बीजगणिताची गोडी लागण्यास याहून चांगली पूर्वतयारी कोणती असू शकेल?

हाच विचार किंचित पुढे नेला की ९ च्या कसोटीचे मूळ हाती येते. ४७२५ ही संख्या घ्यावी. प्रत्येक हजारातून ९९९, प्रत्येक शंभरातून ९९ आणि प्रत्येक दहातून ९ बाजूला काढले, तर दर गठ्ठ्यामागे एक एक उरतो. हजारांचे ४, शतकांचे ७, दशकांचे २ आणि सुटे ५ मिळून १८ उरले. बाजूला काढलेल्या सर्व राशींस ९ ने भाग जातोच. तेव्हा प्रश्न उरतो तो फक्त १८ चा. अंकांची बेरीज म्हणजे नऊ नऊ काढून घेतल्यावरची ही शिल्लक होय. आता ७ साठी तसा नियम का नाही, हेही विचारता येते. दहातून ७ काढल्यास ३ उरतात, शंभरातून ७ च्या पटी काढल्यास २ आणि हजारातून काढल्यास ६. म्हणून ४७२५ साठी ४×६ + ७×२ + २×३ + ५ = ४९ अशी बेरीज करावी लागते. ४९ ला ७ ने भाग जातो, म्हणून ४७२५ लाही जातो. म्हणजे ७ ची कसोटी नाही असे नव्हे. ती आहे, परंतु सोयीची नाही. हे कळल्यावर कसोट्या या कोणाच्या आज्ञा नसून आपल्या दशमान लेखनपद्धतीचे परिणाम आहेत, हे विद्यार्थ्यास उमगते.

या ज्ञानाचा व्यवहारातही उपयोग आहे. जमाखर्चाची बेरीज जुळत नसेल आणि येणाऱ्या फरकास ९ ने निःशेष भाग जात असेल, तर शेजारचे दोन अंक चुकून उलटसुलट लिहिले गेले असावेत, असा संशय घ्यावा, हे अनुभवी हिशेबनीस जाणतो. ४७२५ च्या जागी ४७५२ लिहिले गेल्यास फरक २७ चा पडतो. याच कारणास्तव अंकांच्या बेरजेने ताळा पाहण्याची रीत अशी चूक पकडू शकत नाही. कारण अंकांची बेरीज दोन्हींकडे एकच असते. रीतीचे कारण ठाऊक असणाऱ्यासच तिची मर्यादाही ठाऊक असते.

तीन अंकांपासून ६१७४ पर्यंत

यानंतर वर्गाने तीन अंकी संख्यांकडे वळावे. तिन्ही अंक एकच नसतील अशी कोणतीही संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी. आलेल्या उत्तरावर तीच कृती पुन्हा करावी. ५३२ घेतल्यास ५३२ − २३५ = २९७, ९७२ − २७९ = ६९३, ९६३ − ३६९ = ५९४, ९५४ − ४५९ = ४९५; आणि यापुढे ४९५ च येत राहतात. विद्यार्थी निरनिराळ्या संख्यांनी आरंभ करतात आणि सर्वजण ४९५ वरच येऊन थांबतात, तेव्हा वर्गात उडणारी खळबळ पाहण्यासारखी असते.

हे सर्व संख्यांबाबत खरे आहे काय? अशा संख्या ८९१ आहेत. त्या सर्व तपासण्याची आवश्यकता नाही. पुन्हा नोटांचाच दाखला घ्यावा. वजाबाकीत मधला अंक आपल्या जागीच राहतो. शंभराची नोट आणि रुपया यांचीच अदलाबदल होते आणि प्रत्येक अदलाबदलीत ९९ कमी होतात. म्हणून पहिले उत्तर ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१ यांपैकीच एक असले पाहिजे. यांतही १९८ आणि ८९१ यांचे अंक तेच आहेत, २९७ आणि ७९२ यांचे तेच आहेत. अशा रीतीने खरोखर पाचच अंकसमूह उरतात:

९९० − ०९९ = ८९१
९८१ − १८९ = ७९२
९७२ − २७९ = ६९३
९६३ − ३६९ = ५९४
९५४ − ४५९ = ४९५

प्रत्येक ओळीचे उत्तर पुढच्या ओळीत नेऊन सोडते आणि शेवटची ओळ स्वतःकडेच परतते. पाच वजाबाक्यांत ८९१ संख्यांचा निकाल लागला. ही पूर्ण सिद्धता आहे. तीत कोणतीही उणीव नाही आणि ती सहावीच्या विद्यार्थ्यास समजू शकते. येथे एक बारकावा अवश्य लक्षात आणून द्यावा. २११ − ११२ = ९९ हे उत्तर ०९९ असे तीन अंकी लिहावयाचे. शून्य गाळल्यास ९९ − ९९ = ० होऊन खेळ तेथेच संपतो. वर्गात कोणास शून्य मिळाले, तर 'तुझे चुकले' असे म्हणण्याऐवजी दोन निरनिराळे संकेत पाळल्याने दोन उत्तरे आली, हे दाखवावे. कोणता संकेत पाळावयाचा हे आरंभीच निश्चित केले पाहिजे, हा गणितातील मोठा धडा या लहानशा घटनेत आहे.

चार अंकी संख्यांवर हीच कृती केली असता शेवटी ६१७४ ही संख्या येते. हा कापरेकरांचा सर्वांत प्रसिद्ध शोध होय. यावरील त्यांचा लेख १९५५ साली 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांच्याच जन्मवर्षापासून, म्हणजे १९०५ पासून, आरंभ केल्यास पुढील उत्तरे क्रमाने मिळतात: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. येथे सात पायऱ्या लागल्या. आणि सातांहून अधिक पायऱ्या कोणत्याही संख्येस लागत नाहीत. चारही अंक एकच असलेल्या संख्या मात्र वगळाव्या लागतात.

याची सिद्धता संपूर्ण वर्गाने मिळून करण्याजोगी आहे. बाहेरच्या दोन अंकांतील फरक प आणि मधल्या दोन अंकांतील फरक फ मानल्यास वजाबाकीचे उत्तर ९९९प + ९०फ इतके येते. प ची किंमत १ ते ९ पर्यंत आणि फ ची ० पासून प पर्यंत असू शकते. अशा जोड्या २ + ३ + ... + १० = ५४ होतात. आपल्याकडील पुष्कळ वर्गांत साधारण तितके विद्यार्थी असतात! प्रत्येकास एक जोडी वाटून द्यावी, त्याने आपल्या जोडीपासून ६१७४ पर्यंतची वाट वहीत लिहावी आणि सर्व वाटा फळ्यावर एकत्र मांडाव्या. ज्या दिवशी हा तक्ता पूर्ण होतो, त्या दिवशी ८९९१ संख्यांविषयीचे एक विधान त्या वर्गाने स्वतःच्या बळावर सिद्ध केलेले असते. आज यंत्रगणक या सर्व संख्या क्षणार्धात तपासून देतो, हे खरे. परंतु ८९९१ चे ५४ कसे झाले, हे तो सांगत नाही. तो विचार विद्यार्थ्यानेच करावयाचा असतो.

अटकळ जेव्हा फसते

तीन अंकांना ४९५, चार अंकांना ६१७४; तेव्हा पाच अंकांनाही अशीच एखादी संख्या असणार, असे विद्यार्थी उत्साहाने म्हणतात. शिक्षकाने हा उत्साह मोडू नये. शोध घेऊ द्यावा. ५३९५५ घेतल्यास ९५५५३ − ३५५५९ = ५९९९४ येतात आणि ९९९५४ − ४५९९९ = ५३९५५ येतात. म्हणजे दोन संख्यांमध्येच येरझारा सुरू होतात. स्थिर संख्या सापडत नाही. मागे वळून दोन अंकी संख्या तपासल्या, तर तेथेही ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे चक्रच आढळते. दोन वेळा घडले म्हणून तिसऱ्या वेळी घडेलच असे नाही, हे येथे कोणीही उपदेश न करता कळते.

अटकळ फसण्याचे याहून सुंदर उदाहरण कापरेकरांच्या स्वयंभू संख्यांत आहे. या संख्यांवर त्यांनी १९६३ साली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी: २३ पासून २८, २८ पासून ३८, पुढे ४९, ६२, ७०, ७७ अशी माळ तयार होते. येथे २३ ही २८ ची जनक संख्या झाली. काही संख्यांना दोन जनक असतात. ९१ आणि १०० या दोहोंपासूनही १०१ निर्माण होते. काहींना मात्र जनकच नसतो. त्या स्वयंभू होत. १ पासून १०० पर्यंतचा तक्ता करून ज्यांना जनक सापडतो त्या संख्या खोडत गेल्यास १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ एवढ्याच उरतात.

येथे विद्यार्थी लगेच म्हणतात की, ९ पासून पुढे दर वेळी ११ मिळवावे. ९७ नंतर १०८ यावी, ती येते. मग ११९ यावी; पण ती येत नाही, कारण १०९ + १ + ० + ९ = ११९. नऊ वेळा खरी ठरलेली अटकळ दहाव्या वेळी खोटी ठरली. उलट, अनपेक्षितपणे ११० ही संख्या स्वयंभू निघते.

असे का झाले? दशकस्थानी अ आणि एककस्थानी ब असलेल्या संख्येपासून ११अ + २ब ही संख्या मिळते. अ = ० असता ० पासून १८ पर्यंतच्या सम संख्या मिळतात; म्हणून ९ पर्यंतच्या विषम संख्या सुटतात. अ = १ असता ११ ते २९ या विषम संख्या, अ = २ असता २२ ते ४० या सम संख्या मिळतात. सम संख्यांची पहिली ओळ १८ ला संपते आणि दुसरी २२ ला सुरू होते. मधली २० ही सुटते. विषम संख्यांची ओळ २९ ला संपते, पुढची ३३ ला सुरू होते, ३१ सुटते. हीच फट दर ओळीस ११ ने पुढे सरकत जाते. ११९ जवळही तशीच फट होती. परंतु तेथवर तीन अंकी जनक हजर झालेले असतात आणि १०९ ती फट बुजविते. अटकळ का खरी होती आणि नेमकी कोठे व का मोडली, या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने स्पष्ट झाल्या. विद्यार्थ्याच्या चुकलेल्या अटकळीतून इतके गणित निघू शकते, म्हणूनच ती पुसून टाकण्याची घाई करू नये.

शोधास दिशा देणे

वरच्या वर्गांसाठी कापरेकर संख्यांचा विषय योग्य आहे. ४५ चा वर्ग २०२५; त्याचे दोन भाग केल्यास २० + २५ = ४५. ५५ चा वर्ग ३०२५ आणि ३० + २५ = ५५. ९९ चा वर्ग ९८०१ आणि ९८ + ०१ = ९९. आणखी अशा दोन अंकी संख्या शोधण्यास सांगितल्यास विद्यार्थी एकामागून एक वर्ग करू लागतात. थोडा वेळ तसे करू द्यावे आणि नंतर विचारावे: प्रत्येक वर्ग न करता शोधता येईल काय? वर्गातील शतकांचा भाग च आणि उरलेला भाग छ मानल्यास वर्ग १००च + छ होतो आणि मूळ संख्या च + छ आहे. वर्गातून मूळ संख्या वजा केल्यास ९९च उरतात. म्हणजे संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांच्या गुणाकारास ९९ ने भाग गेला पाहिजे: ४५ × ४४ = १९८० = ९९ × २०. लागोपाठच्या दोन संख्यांत ९ आणि ११ या दोहोंचीही सोय झाली पाहिजे. लागोपाठच्या संख्यांस ३ हा सामाईक विभाजक असू शकत नाही; म्हणून त्यांतील एकीसच संपूर्ण ९ ने भाग गेला पाहिजे. ११ च्या पटी व त्यांच्या शेजारी ९ च्या पटी पाहत गेल्यास ४५, ५५ आणि ९९ याखेरीज दोन अंकी संख्या सापडत नाही, असे निश्चित सांगता येते. आंधळा शोध संपून डोळस शोध सुरू होतो तो असा.

लहान मुलांसाठी हर्षद संख्या पुरेशा आहेत. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी ती हर्षद. जसे १२, १८, २०, २१, २४. हर्ष देणारी म्हणून हे नाव कापरेकरांनी दिले. भागाकाराचा सराव यात आपोआप होतो आणि तो शिक्षा म्हणून होत नाही.

एक आक्षेप

या सर्व उदाहरणांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. इंग्रज गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचा उल्लेख केला आहे. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. स्वतःच्या उलट संख्येच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या एवढ्याच. अशा गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतात, गणितज्ञास त्यांत विशेष आकर्षण नसते, असा हार्डींचा अभिप्राय होता. कापरेकरांच्या कार्याकडेही अनेक गणितज्ञांनी दीर्घकाळ याच दृष्टीने पाहिले.

आक्षेपात तथ्य आहे. ६१७४ चा गुणधर्म हा त्या राशीचा नसून तिच्या दशमान लेखनाचा आहे. आपण बारांच्या गटांनी मोजत असतो, तर ९ ची ही प्रतिष्ठा ११ कडे गेली असती. याउलट, १३ खडे घेतले, तर ते एका ओळीखेरीज दुसऱ्या कोणत्याही आयतात मांडता येत नाहीत. १२ खड्यांचे मात्र २ × ६ आणि ३ × ४ असे आयत होतात. १३ ही मूळ संख्या आहे, ही गोष्ट कोणत्याही लिपीत आणि कोणत्याही मोजणीत खरीच राहणार. संख्येचे गुणधर्म आणि संख्यालेखनाचे गुणधर्म यांतील हा भेद विद्यार्थ्यांपुढे स्पष्टपणे मांडला पाहिजे. तो न मांडल्यास ६१७४ हा 'चमत्कार' ठरतो आणि चमत्कारापासून अंकांच्या शुभाशुभापर्यंतचे अंतर फार थोडे आहे.

तथापि, सिद्धान्ताचे शास्त्रातील स्थान आणि त्याचे शिक्षणातील मूल्य या दोन निराळ्या गोष्टी होत. हार्डींचा निर्णय पहिल्या गोष्टीविषयी होता. मूळ संख्यांविषयीचे गहन प्रश्न शाळेतील मूल विचारू शकेल, परंतु त्यांच्या उत्तरापर्यंत ते पोहोचू शकणार नाही. ४९५ च्या बाबतीत मात्र प्रश्न, निरीक्षण, अटकळ, पडताळा आणि सिद्धता हा सगळा प्रवास एका तासात त्याच्याकडून पुरा होतो. शालेय जीवनात हा प्रवास एकदा जरी पुरा झाला, तरी सिद्धता म्हणजे काय, हे त्यास पुन्हा शिकवावे लागत नाही.

शिक्षकाचे कार्य

यासाठी अभ्यासक्रमात बदल करण्याची आवश्यकता नाही. आठवड्यातून एखादा तास आणि एक स्वतंत्र वही पुरे. त्या वहीच्या पानाचे तीन रकाने करावे: पाहिले, वाटले आणि पटले. केलेली आकडेमोड पहिल्यात, त्यावरून केलेली अटकळ दुसऱ्यात आणि कारण सापडल्यास ते तिसऱ्यात लिहावे. दुसऱ्या रकान्यातील विधान तिसऱ्यात केव्हा जाऊ शकते, यावर वर्गात वाद होऊ द्यावा. 'शंभर उदाहरणे केली' एवढ्यावर तेथे जाता येणार नाही आणि एका विरुद्ध उदाहरणाने मात्र ते कायमचे खोडले जाईल. तिसरा रकाना कित्येकदा रिकामा राहील. त्याची खंत मानण्याचे कारण नाही.

शिक्षकाने उत्तर आधी सांगण्याचा मोह टाळावा. '६१७४ येते, करून पाहा' असे म्हटल्याने विद्यार्थी आकडेमोड करील, शोध करणार नाही. आकडेमोडीतील चुका इतर मुलांकडून तपासून घ्याव्या. कारण चुकलेली वजाबाकी अनेकदा खोटा अपवाद उभा करते आणि खऱ्या अपवादापासून तो वेगळा ओळखणे हेही एक शिक्षणच आहे. स्वतः शिक्षकास कारण ठाऊक नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे आणि वर्गाबरोबर शोधास लागावे. या उपक्रमास गुण ठेवू नयेत. गुण ठेवताच दुसरा रकाना ओस पडेल. कारण चुकण्याची भीती असलेला विद्यार्थी अटकळ बांधीत नाही.

देवळालीच्या शाळेतील एका शिक्षकाने बत्तीस वर्षांच्या नोकरीच्या काळात संख्यांचा छंद जोपासला आणि त्यातील काही संख्यांना आज जगभर त्याच्या नावाने ओळखतात. प्रत्येक विद्यार्थी कापरेकर होणार नाही. तसा उद्देशही नाही. परंतु पाच वजाबाक्यांनी ८९१ संख्यांविषयी निर्णय देता येतो, हे ज्याने स्वतः अनुभवले आहे, तो विद्यार्थी पुढे कोणत्याही क्षेत्रात गेला, तरी 'तसा नियमच आहे' या उत्तराने सहजासहजी समाधान पावणार नाही. ९ ची कसोटी सर्वांस पाठ असते. ती कोठून आली हे विचारण्याची सवय शाळेने लावली, तर गणिताच्या तासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.